आण्णाचे अडतीस सेकंद

४ नोव्हें., मंगळ.
भावकीच्या ग्रुपवर आण्णाचा आवाज. आण्णा, माझा चुलतभाऊ, जाऊन पाच महिने झाले. "कमल, ऐक. मंगलला लग्नात दिलं. रान सगळं सुधाकरचं." असं अडतीस सेकंद. सुधाकर म्हणतो, बापाच्या जुन्या मोबाइलात सापडलं. दुपारपर्यंत गावभर. जो तो हात जोडतोय.
अकरा वेळा ऐकलं. आण्णाला दमा. चार शब्दांमागं थांबायचा. यात एकदाही श्वास नाही. कॉम्प्युटरनं बनवलेलं आहे. तीस वर्षं दुकानात रेडिओ, अँप्लिफायर उघडून कान तयार केलाय. कुण्या कॉलेजानं दिलेला नाही.

५, बुध.
पारावर सांगितलं. बबन: "इंजिनेर कवा झालास बे?" सगळे हसले. ठरलं काय, तर आण्णाच्या पोरीनं, मंगलनं हक्कसोडीवर सही करायची. ठरवायला ती नव्हतीच, गेवराईला सासरी. फोनवर म्हणाली, "काका, आण्णाच बोलायलेत म्हणल्यावर मी काय बोलू?"

६, गुरु.
गेल्या वर्षीच्या दिवाळीत आण्णाला बसवून तासभर टेप केलतं. धाप, खोकला, एकेक करून मीच पुसला. काम कसं स्वच्छ पाहिजे! पेनड्राइव्ह सुधाकरला मीच दिला, वर कौतुकानं ऐकवला.
त्याच्यावरनंच केलंय.

८, शनि.
कमलवैनीकडं गेलतो. म्हटलं, आण्णानं जन्मात कधी तुमचं नाव घेतलं का? कायम 'सुधाची माय'.
"न्हाई. एकदाबी न्हाई."
"मग हे खोटं हाय, कळतंय ना?"
"कळतंय की, भावजी." आणि परत लावलं. 'कमल, ऐक.' तेवढंच ऐकायचं, बंद करायचं.
म्हटलं, मंगलपुढं खरं सांगा, क्लिप मी जपून ठेवतो.
"खोटं म्हणूनच ठेवणार ना? तसलं मला नको."
चप्पल घातली, निघालो. पोरीचं दीड एकर जाईल, पाटाच्या पाण्याचं.

९, रवि.
मंगलनं कळवलंय: आई तोंडानं 'हे खरं' म्हणाली तरच सही. दहाच्या एसटीनं येतीय.
साडेनऊला वैनी दुकानात. मोबाइल पुढं ठेवला. "आवाज लई बारीक येतोय."
स्पीकरची जाळी घाणीनं भरलेली. ब्रशनं साफ केली. आता खणखणीत. आपल्या हातून काम वाईट होतच नाही, ही खोड.
विचारलं, पोरीला काय सांगणार?
मोबाइल पदरात गुंडाळला. म्हणाल्या, "गाडी आली का बघा."