मुलगा राहायला येणार, असं लिहून दिलं

बुधवार, संध्याकाळ. बालाघाट.

आज कमलबाईवर खोली खाली करायची केस टाकली. वीस वर्षांची भाडेकरू. खोली बळकावेल ही धास्ती. वकील म्हणाला, "कारण पाहिजे. मुलाले राहाचं आहे, लिहू." मुलगा गुड्डू रायपूरला, तो कशाला येतो? तरी सही केली. करायला नको होती का?

घरी आलो तर कमलबाई दारातच. कुणी सांगितलं कोण जाणे. "काकाजी, गुड्डू येऊन राह्यला म्हणे! मंग कोर्टात काहून गेलते? मले सांगतलं असतं. त्याले मीच तर खेळवलं."

खरं बोललो तर केस बुडते.

"हौ, येऊन राह्यला," म्हटलं.

हसत हसत ती भांडी पोत्यात भरू लागली. कुठं जाशील, हे तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबली असती.