रविवारचा रकाना

१० सप्टेंबर १९५६, सोमवार

फरक दिसला! गावठी कापसाच्या बोंडांवरची अळी बारीक, मलूल. नव्या नऊ नंबर वाणाच्या बोंडांवरची — टपोरी, चकचकीत. चाळीस बरण्या, वीस-वीस. एकाच पतंगाची अंडी, एकच खोली. वेगळं आहे ते फक्त वाण.

वहीतला रविवारचा रकाना आज भरला, नेहमीप्रमाणे. शनिवारी संध्याकाळी मी असीरगढला आईकडे जाते. मागे इथली कामवाली मालूबाई बरण्या झाडते, ताजी बोंडं टाकते. तिला लिहिता येत नाही. सही माझी.

१४ सप्टेंबर

"कीडेवाली आ गई!" — बाबूंच्या टेबलावरून, रोज. केंद्राचे प्रमुख पाठक साहेब ऐकतात आणि हसतात. कीटकशास्त्राची पदवी यांच्यापैकी एकाकडेही नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार

शाहपूरच्या प्लॉटवरचे शालिग्राम आले. नऊ नंबर त्यांचा. नऊ हंगाम एकेक झाड निवडून बी जमवलं. शिक्षण सातवी.

"बाईसाहेब, आमचं बोंड पाहा, धागा पाहा! अळी काय, गावठीलाबी लागते."

मी आकडे दाखवले. त्यांनी कागद बाजूला सारला आणि बरण्यांपुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, "इतवारी यांना कोन चारतं?"

"मी."

का म्हटलं? प्रश्नातला रोख कळला म्हणून. बाई माणूस, सुट्टीला घरी जाणारच! आईचं दुखणं मी कोणाला सांगत बसत नाही.

९ ऑक्टोबर

अळीची वाढ — गावठीवर तेरा दिवस, नऊ नंबरवर अकरा. कोष जड. मादीची अंडी, सरासरी: ९६ आणि १७१. तीन पिढ्यांत शेत खातील. दोनदा मोजलं. चूक नाही.

१६ ऑक्टोबर

बैठक. साहेब आज हसले नाहीत. नऊ नंबर नामंजूर. शेतकऱ्यांना बी वाटायचं नाही.

"साहेब, एक हंगाम और द्या," शालिग्राम म्हणाले. दोनदा म्हणाले. साहेबांनी पुढची फाइल उघडली.

जाताना दारात थांबले. "तुमचं गणित बरोबर असंन, बाईसाहेब. पन माझं झाड मले खोटं वाटत नाही."

अडाणी हट्ट.

२९ ऑक्टोबर, सोमवार

नऊ नंबरची सरकी, तीन पोती, तेलघाणीला गेली. होतं ते सगळं बी तेवढंच.

राज्यांची फेररचना — गुरुवारपासून नवं राज्य. नागपूर मुंबईकडे, आपण भोपाळकडे. माणसांच्या याद्या लागल्या. शालिग्राम कुठल्याच यादीत नाहीत — वाण नाही, तर प्लॉट कशाला, आणि जागा कशाला? माझं नाव भोपाळच्या यादीत, वरच्या जागेवर. बाबू आता "मॅडम" म्हणतात! कालपर्यंतची तोंडं तीच.

हवं होतं ते मिळालं. चहा कडू लागला.

३१ ऑक्टोबर, बुधवार

बरण्या धुऊन खोक्यात भरत होतो. मालूबाई म्हणाली, "चला, इतवारची भेंडी आनायची सुटली."

कसली भेंडी?

"अवो बाई, शाहपूरची बोंडं रोजच्या गाडीनं येत, इतवारी गाडी नाही. शनिवारची सुकून जात. गावठी काय, मागच्या वाफ्यात ताजीच. मंग हे नऊ नंबरचे वीस काय उपाशी ठेवू? जीव आहे ना त्यांनाबी! कवळी भेंडी टाकू मी. लई आवडीनं खात."

या अळीला भेंडी कापसाहून प्रिय; भेंडीवर ती टपोरी होते. मला हे परीक्षेत विचारलं होतं.

तेलघाणीवर चालत गेले. पोती रिकामी. सरकीची ढेप झाली होती.

वही उघडली. सात रविवार. सातही ठिकाणी — बोंडं ताजी, तपासली. खाली माझी सही.