सड्यावरच्या वाऱ्यासाठी सही

लालबाग,
१२ नोव्हेंबर १९९७

चि. गणपत, रवळनाथ तुम्हा सर्वांना सुखी ठेवो.

माझा खोकला कमी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

पवनचक्क्यांसाठी डोंगरावरचा आपला सामाईक सडा मागणारा शेठ तोच, ज्याने संपानंतर आमची गिरणी उघडलीच नाही. डेन्मार्क, जर्मनीत वाऱ्याच्या विजेने गावं सुधारली, असं वाचलं. आपलंही भलं होईल, हे कळतं. तरी माझी सही मिळणार नाही.

बदली कामगार म्हणून सात वर्षं रोज त्याच्या गिरणीच्या गेटवर उभा राहिलो. "आज काम नाही, उद्या ये," म्हणायचे. सही मागायला येणाऱ्या शेठच्या माणसाला अंगणात उभं ठेवून तू तेच सांग.

देवळात मात्र कौल लावू नकोस. रवळनाथ दयाळू आहे, तो होकार देईल.

तुझा दादा,
जगन