कागदाचा सोफा

दि. ९ फेब्रुवारी

चि. टेपबाई,
अनेक आशीर्वाद.

मायन्यात 'सौ.' लिहायचं की नाही, यावर पेन अडलं. तुमचा काडीमोड होऊन दोन वर्षं झाली, म्हणजे ते गेलंच. 'चि.' मात्र राहू दे. आणि पर्समध्ये कंगव्याऐवजी मोजायची टेप बाळगणाऱ्या सुनेला टेपबाई मीच म्हणायला लागले होते, तेव्हा तेही सोडणार नाही.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी. मोठं घर सोडून दोन खोल्यांत आलेय, एकटीच. जुनं अवजड सामान देऊन टाकलं. आता सगळं हलकं, हल्लीच्या पद्धतीचं घ्यायचं म्हणून दुकानं पालथी घालतेय. परवा एक राखाडी सोफा पाहिला. देखणा, पण इतका बुटका की बसल्यावर मला उठताच येईना. दुकानदार म्हणाला, "काकू, यात माणूस रिलॅक्स होतो." म्हटलं, "अहो, झाले रिलॅक्स, आता हात द्या!"

चांगल्या वस्तूही सापडल्या. भिंतीला लावून मिटणारं जेवणाचं टेबल, खाली खण असलेला पलंग, आणि खालून झाडू जाईल असा उंच पायांचा सोफा. पण घेण्याआधी तुझीच युक्ती केली. "आई, आधी कागदावर राहून बघा," असं तू म्हणायचीस ना? तशी एकेका वस्तूच्या मापाची वर्तमानपत्रं कापून जमिनीवर चिकटवली आणि आठ दिवस त्यांना वळसे घालत राहिले. पलंग तर दोनदा हलवला.

गुरुवारी कामवाल्या बाईंनी माझा सोफा गोळा केला, टेबलाची घडी घातली आणि सगळं रद्दीत बांधून ठेवलं. "केवढा पसारा झाला होता, आजी!" मी अशी भडकले म्हणतेस! "अहो, पसारा कसला, माझं घर होतं ते!" असं तोंडातून निघालं आणि माझाच आवाज ऐकून मला तू आठवलीस.

तुझ्या कामाच्या टेबलाचे कागद तुला आठवत असतीलच. आपल्या जुन्या घरात, खिडकीपाशी, साडेतीन फूट बाय दोन. ते मी उचलून रद्दीत टाकले होते. वर म्हणाले, "दिवाणखान्यात दुकान नको." तू टेप मिटवून पर्समध्ये ठेवलीस. नंतर सहा महिने लोकांच्या घरांचे नकाशे पलंगावर मांडी घालून काढलेस, आणि मग गेलीस. तुझं नि त्याचं का बिनसलं ते तुम्हा दोघांना माहीत. पण त्या घरात तुला साडेतीन फूट जागा मी मिळू दिली नाही. माझं चुकलं गं. हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात सोफा, पलंग, जेवणाचं टेबल येईल. इथल्या खिडकीपाशी मात्र मी एक नवा कागद चिकटवलाय. त्याच मापाचा. उजेड डावीकडून येतो, तुला लागतो तसा. बाई त्याच्या कडेकडेनं झाडतात, सक्त ताकीद दिलीय.

त्या कामाच्या टेबलाची ऑर्डर अजून दिलेली नाही. माझी शिवणकामाची टेप ताणते, माप चुकतं. तुझी पत्र्याची घेऊन ये. राहायला ये असं म्हणत नाही. तासभर ये, माप घे, चहा पी.

तुझी
आई

(वरचं ते 'आई' खोडायचं असेल तर खुशाल खोड. खिडकीजवळचा कागद मात्र या वेळी मी उचलणार नाही.)