पाहुण्यासमोर सगळं असतं

माय, मी तुझ्यावर चिडले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग काढतेस, असं तू म्हणशील. पण या महिन्यात ऑफिसात जे झालं त्याचं मूळ शोधत गेले, तर ते थेट आपल्या चुलीपाशी आणि तुझ्या तोंडच्या एका वाक्यापाशी जाऊन थांबलं. मग दुसऱ्या कोणावर चिडू?

मी धुळ्याला असते. माणसांचं आयुष्य किती सुधारलं ते मोजायचं, अशी माझी नोकरी आहे. हसू नकोस, त्याचा पगार मिळतो. आमची पोरं हातात टॅब घेऊन गावोगाव जातात आणि घरोघर विचारतात. घर पक्कं आहे का, नळ आहे का, संडास आहे का, गॅस आहे का, पोरं कुठवर शिकली, घरात कोणी आजारी आहे का. 'आहे' म्हटलं की घराला गुण मिळतात, सगळ्या घरांचे मिळून गावाचे गुण होतात, आणि ज्या गावाचे गुण कमी त्याला मदत आधी. यंदा नरडाण्याकडच्या आपल्या पट्ट्यात एकाच गावाला आरोग्य उपकेंद्र मिळणार होतं. गावातच राहणारी नर्स, बाळंतपणाची सोय, औषधं. मला वाटलं होतं, दुसरं कोणतं गाव असणार, आपलंच. कसलं काय! आपलं गाव गुणांत वर निघालं, प्रगत ठरलं, आणि उपकेंद्र दुसरीकडे गेलं. मी त्या पोरांना फैलावर घेतलं. ती बिचारी म्हणाली, मॅडम, आम्ही काय करणार, प्रत्येक घरात बाया हेच म्हणत होत्या, "बठ्ठं शे."

बठ्ठं शे. सगळं आहे. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

तुला तो दिवस आठवतो का? मी सातवीत आहे. शाळेतल्या बाई आपल्या घरी आल्या आहेत, आणि तू शेजारून वाटीभर दूध आणून त्यांच्यापुरता दुधाचा चहा केला आहेस. गरीब मुलींना पुस्तकांचे संच वाटायचे होते. बाई विचारतात, हिच्याकडे पुस्तकं आहेत ना? तू पदर सावरून म्हणतेस, "बठ्ठं शे बाई, काही कमी नही." मी मध्येच तोंड उघडलं, माझ्याकडे गणिताचं नाही, विज्ञानाचं नाही. तू माझ्याकडे असं बघितलंस की पुढचं वाक्य मी गिळलं. बाई फाट्यापलीकडे जाईस्तोवर तू दारात उभी राहिलीस. मग म्हणालीस, "पाव्हनासमोर घरनं उघडं करस का वं? झाकेल मूठ झाकेलच ऱ्हाऊ दे." संच दुसऱ्या पोरीला गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून तू दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीत देठ खुडायला जायला लागलीस, आपल्या गल्लीतल्या अक्काबरोबर. हाताची आग आग व्हायची म्हणून घरी आल्यावर ताकात बोटं बुडवून बसायचीस आणि कळण्याच्या भाकरी मला थापायला लावायचीस. सणाच्या आत पुस्तकं आणलीस, सगळी, वर कव्हर घालायला खाकी कागद. म्हणजे नाही ते 'आहे' म्हणायचं आणि मग हाडाची काडं करून ते खरं करून दाखवायचं. मला त्या पुस्तकांचा आनंद झाला नव्हता, माय. आज सांगते. मला तुझ्या बोटांची भीती वाटायची.

माझं आयुष्य सुधारलं हे खरं आहे. ते कशानं सुधारलं, असं ऑफिसात कोणी विचारलं तर मी शहाण्यासारखं उत्तर देते: शिक्षण, रस्ता, आरोग्य. आमचे साहेब तर तक्त्यावर बोट ठेवून सांगतात की एवढी वर्षं शाळा म्हणजे एवढी प्रगती. असेलही. पण मी कॉलेजला दोंडाईच्याला जायची तो रेल्वेचा पास तू काढून दिलास, आणि त्या पासामागे तुझे हात होते, ते कुठल्या रकान्यात घालू? एकीचं आयुष्य वर गेलं आणि त्याच्या भारानं दुसरीचं खाली गेलं, तर तक्ता म्हणतो, घर सुधारलं. घर म्हणजे कोण गं?

आणि तुझं शेवटचं दुखणं. अंगावरून इतकं जात होतं की तू दिवसातून तीनदा लुगडं धूत होतीस, आणि मला म्हणायचीस, डाग पडला होता. दवाखान्यात मी तुझ्या शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी चांगलं विचारलं, नीट विचारलं, काय त्रास होतो, मावशी? तू त्यांच्याकडे बघून हसलीस, घरी आलेल्या माणसाकडे बघून हसावं तशी. "काही नही, बठ्ठं बरं शे. जरासा थकवा शे." त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. तुझ्या त्या आबरूचं काय लोणचं घालायचं होतं?

तर गुणांचं हे असं झाल्यावर मी साहेबांना म्हटलं, फेरतपासणी करा. ते म्हणाले, "मॅडम, गाव तुमचं आहे ना? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना जे म्हणायचं ते म्हणू द्या, मी जाऊन येते. ऑफिसची जीप घेऊन गेले. अक्काच्याच घरी आधी गेले, कारण तिच्या सुनेचे दिवस भरत आलेत हे मला माहीत होतं. अक्का म्हातारी झाली आहे, पण आवाज तोच. मला बघून तिनं खाट झटकली, वर चादर टाकली आणि सुनेला सांगितलं, गॅसवर चहा ठेव. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिलिंडरवर भरतकामाचं फडकं, शेगडी लख्ख, आणि मागच्या पडवीत चूल धगधगतेय. गॅस फक्त पाहुण्यासाठी. आमच्या पोरांनी घरोघर गॅसवरचा चहा पिऊन घरोघर 'आहे' लिहिलं होतं.

मी विचारायला लागले. नळ? "शे ना." पाणी कधी येतं? "येस, येस." म्हणजे येतं, कधी ते नाही. तब्येती? "बठ्ठं बरं शे." सून कप घेऊन आली. तिचे पाय बघितले तर जोडव्यांची बोटं दिसत नव्हती इतके सुजलेले, चेहराही फुगलेला. मी म्हटलं, अक्का, ही आजारी आहे. "नही वं, पह्यलटकरीन शे, व्हस असं." मी भडकलेच. म्हटलं, मी पाहुणी आहे का? मला काय सांगतेस हे? अक्कानं शांतपणे माझ्या साडीकडे, मग बाहेरच्या जीपकडे बघितलं. "पाव्हनीच शे तू आते. तुना घर काय नही, ते सांग पहिले. मंग मी सांगस."

मी मनात मोजायला लागले. फ्लॅट आहे, फ्रीज आहे, पेन्शन मिळेल. तोंडातून निघालं ते भलतंच. "मना घर माय नही, अक्का. डॉक्टरले बठ्ठं बरं शे सांगत ऱ्हायनी, नि गयी." अक्काला हे ठाऊक नव्हतं. तुला थकव्यानं नेलं असंच ती आजवर समजत होती. तिनं हातातला कप खाली ठेवला. सुनेच्या पायांकडे बघितलं. मग उठून चप्पल शोधायला लागली.

जीपमध्ये आम्ही तिघी. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, काय होतंय? सुनेनं सासूकडे बघितलं आणि, देवाशपथ, ती हसायला लागली, अगदी तुझ्यासारखी. तेवढ्यात अक्का पुढे झाली. "तिले नका इचारू, ती सांगाव नही. डोकं दुखस तिनं. डोयासमोर अंधारी येस. रातले झोप नही. घरमा गॅस पाव्हनापुरता शे, पानी आठ दिनमा येस, नि आमना गावले नर्स नही. लिखी ल्या." सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. म्हातारीनं तोंडावर पदर घेतला नाही.

सुनेचा रक्तदाब भलताच वाढलेला होता. दाखल करून घेतलं. दोघी सुखरूप आहेत, म्हणजे सून आणि तिची मुलगी. माझा अहवाल मात्र साहेबांच्या टेबलावर तसाच पडून आहे. एका घरावरून गावाचे गुण बदलता येत नाहीत, म्हणतात. मी म्हटलं, मग घरोघर जाते. जा, म्हणाले, रजा टाकून जा. टाकली आहे. उद्यापासून जाणार आहे, आणि जीप न घेता, एसटीनं. काय होईल ते होवो.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. अक्का त्या डॉक्टरीणबाईंसमोर सुनेसाठी ओरडत होती, तेव्हा सगळ्यांना त्या पोरीची दया येत होती. मला तिचा हेवा वाटला, माय.