बायकांची पट्टी

सोलापूर,
१२ फेब्रुवारी १९७६

चि. ईश्वरप्पास,

थोरल्या चुलतबहिणीचे, म्हणजे गिरिजाक्काचे, तोंडभर आशीर्वाद. तिकडे नातेपुत्यात तुझा गुडघा आता वाकतो की अजून तोच तुला वाकवतो, ते कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त तीन आठवड्यांचा राग साठला आहे आणि तो निमूटपणे वाचून घेईल असा नातेवाईक तुझ्याशिवाय मला उरलेला नाही.

गेल्या रविवारी आमच्या पेठेतल्या महिला मंडळाचा वर्धापनदिन झाला. प्रत्येकीने एक गाणे म्हणायचे ठरले होते. तुला ठाऊकच आहे, कॉन्व्हेंटात सिस्टरने मला प्रार्थनेच्या मागच्या रांगेत उभे करून नुसते ओठ हलवायला सांगितले होते. मी आज्ञाधारक मुलगी (तो काळ गेला), पाच वर्षे ओठ हलवले. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे लोकांना नंबर जोडून दिले, तर पलीकडचा माणूस मला 'साहेब' म्हणायचा. अशा बाईला साठाव्या वर्षी चारचौघींत एकदा पोटभर गावेसे वाटले, तर त्याला म्हातारचळ म्हणू नये. ओठांबरोबर आवाजही बाहेर पडावा, एवढेच माझे मागणे होते.

माझी चूक इतकीच की गाणे मी आवडीवरून निवडले. रेडिओवरचे, सोळा वर्षांच्या पोरीला शोभेल असे, दर कडव्याला आणखी एक मजला चढणारे. पेटीवर गुरुसिद्धप्पा मास्तर (मठातल्या भजनाला साथ करतात, त्यामुळे त्यांचे कधीच चुकत नाही). त्यांचा नियम असा की पुरुषांनी काळी एकमध्ये, म्हणजे खालच्या सुरात गायचे आणि बायकांनी काळी पाचमध्ये, म्हणजे चांगले उंच. मी म्हटले, मास्तर, जरा खालची पट्टी द्या. तर ते म्हणाले, "बाईमाणसाला काळी एक? मठात लोक काय म्हनतील मला?" तालमीत अंतरा आला. माझा आवाज अर्धा जिना चढला आणि तिथूनच माघारी फिरला. मी तोंड उघडे ठेवून उभी. आमच्या चिटणीस काशम्मा यांना वाटले, माझ्या घशात सुपारी अडकली. त्यांनी धावत येऊन माझ्या पाठीत असे धपके घातले की मंगळवारपर्यंत मला उताणे झोपता आले नाही. त्यानंतर मी ज्येष्ठमध चघळले, ताक सोडले, शेंगाची चटणीसुद्धा सोडली (सोलापुरात राहून). आवाज तसूभर वर जाईना, आणि मास्तर काही खाली येईनात.

शेवटी मी डोके वापरले. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बाकीच्या जणी साड्या बदलायला गेल्या, तेव्हा मी पेटी उघडली आणि एकेक पट्टी दाबून तिच्याबरोबर आ केला. खाली जिथे नुसती हवा निघू लागली ती पट्टी आणि वर जिथे आवाज फाटला ती पट्टी, दोन्हींवर खूण करायची होती. खडू सापडेना, म्हणून पर्समधल्या विभूतीचे बोट ओढले. मधल्या साऱ्या पट्ट्या माझ्या हक्काच्या. मग आठवतील ती गाणी त्या कुंपणात घालून पाहिली. रेडिओवाले गाणे पहिल्याच ओळीला उडी मारून पळाले. आमचे अप्पा पहाटे म्हणत ती जुनी भूपाळी मात्र आत ऐसपैस मांडी घालून बसली.

इतक्यात मास्तर आले. पट्ट्यांवर विभूती पाहून त्यांनी चपला काढल्या आणि पेटीला हात जोडले. मी पूजा केली असा त्यांचा समज झाला. मी खरे सांगायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "आता हे दोन रेघांच्या भाईर बोट जात न्हाय की बाई माझं. शिवाची आन हाय." आता काळी पाचमधले गाणे त्या दोन रेघांत मावते कुठे? मास्तरांनी स्वतःच बोटे चालवून पाहिली, सुस्कारा सोडला आणि काळी एक धरली. तीन आठवडे मी शुद्ध मराठीत वाद घालत होते, तो चिमूटभर राखेने संपवला. पुसून टाका म्हणायला मी काही मूर्ख नाही.

त्या दिवशी सगळ्याच जणी खालच्या पट्टीत गायल्या, आणि मंडळातल्या गौरम्मासकट निम्म्या बायकांचे चेहरे असे सैल झाले की जणू चोळीचे बटण काढले. मी संध्याकाळी साडेपाचला, ऊन तिरपे झाले असताना, देवाला उठवणारी भूपाळी म्हटली. सबंध म्हटली. घसा कुठेही अडला नाही. खाली उतरले तेव्हा काशम्मांनी माझा हात धरला. "एवढा आवाज हाय की तुमाला. मग इतके दिवस ते काय किंचाळत होता?" ईश्वरप्पा, मी पर्समधली विभूती काढून त्यांच्या कपाळाला लावली.

घरी सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
गिरिजाक्का

ता. क. : माळशिरसच्या महिला मेळाव्याचे बोलावणे आले आहे, सात मार्चला. युगुलगीत हवे म्हणतात. त्यातल्या पुरुषाच्या ओळी मी घेतल्या आहेत. बाईच्या ओळींना मंडळात कोणी तयार नाही (गौरम्मा म्हणते, माझ्या आवाजाबरोबर असले गाणे म्हटलेले तिच्या यजमानांना चालणार नाही). तुझ्या लग्नात तू उखाणा घेतलास तेव्हा मागच्या पंगतीला वाटले होते की नवरीच बोलली. तुला काळी पाच सहज जमेल. नातेपुत्याहून माळशिरस तुला लांब नाही.

पुन्हा ता. क. : नाही म्हणू नकोस. पत्रिका छापून आल्या आहेत. मेळावा बायकांचा असल्यामुळे तुझे नाव मी ईरम्मा दिले आहे. मिशीचे काय करायचे ते तुझे तू पाहा.