दुहेरी काचेबद्दल विचारलंस म्हणून

द्वारका, नवी दिल्ली
१० नोव्हेंबर २००८

बळवंत,

तीर्थरूप लिहावं एवढा तू मोठा नाहीस (अकरा महिने म्हणजे काही मोठेपण नव्हे) आणि चिरंजीव लिहावं एवढा कुणाचं ऐकणारा नाहीस, तेव्हा नुसत्या नावावर भागवून घे. नमस्कार मात्र माझा आणि सुहासिनीचा, दोघांचाही. गुडघा कसा आहे? जिना चढताना तो बोलतो असं लिहिलं होतंस. उतरताना तरी गप्प असतो का? डाव्या कानाचं यंत्र वापरायला लागलास की अजून कपाटात ठेवून त्याचीच काळजी घेतोयस? फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते पटत नाही. कागदावर निदान एकच अडचण उरते.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पंधरा डिसेंबरला पहाडगंजच्या खोल्या सोडून कायमचा पुण्याला धीरजकडे चाललास, हे वाचलं. चांगलं केलंस. मुलानं बापाला बोलवावं आणि बापानं जावं, यात वाईट काय आहे? मी ते दोनदा मनात वाचलं, सुहासिनीनं एकदा मोठ्यानं वाचलं, तोवर पुढ्यातला चहा निवून गेला. पण ते असो. तू विचारलंयस ते वेगळंच. धीरज तुझ्या खोलीला दुहेरी काचेची खिडकी बसवतोय, तर ती काय भानगड असते, तीत बिघडतं काय आणि बिघडलं तर करायचं काय, हे मी अनुभवानं लिहावं. एकेचाळीस वर्षांच्या ओळखीत तू पहिल्यांदाच मला काही विचारलंस, तेव्हा आता शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आमच्याकडे ही खिडकी आली ती विमानांमुळे. तू इथे एकदाच आलास (मेट्रो तुझ्या दाराशी येते, तीच गाडी न बदलता माझ्या दाराशी येते, तरी एकदाच!) आणि तेव्हाही म्हणाला होतास की तुमच्या गच्चीवरून पायलटला चहा देता येईल. मला त्याचा त्रास नव्हता. पस्तीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक विभागात काढलेल्या माणसाला डोक्यावरून काहीतरी वेळेवर जातंय याचं समाधानच वाटतं. पण आमच्या चिरंजीवांच्या, शार्दूलच्या, गुडगावच्या ऑफिसात सगळीकडे म्हणे अशाच खिडक्या, आत पिन पडली तरी ऐकू येते. मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यानं माणसं पाठवली आणि दोन दिवसांत आमचं घर बंद डब्यासारखं करून टाकलं. पांढरी प्लास्टिकची चौकट, तीत एकापुढे एक दोन काचा, मधे बोटभर कोरडी हवा आणि कडेला सगळीकडून रबराची पट्टी. खिडकी लावली की विमान दिसतं, पण ऐकू येत नाही. भाजीवालाही ऐकू येत नाही. खालून कुणी हाक मारली तर तीही नाही, अर्थात इथे मारतं कोण म्हणा. पहिल्या आठवड्यात सुहासिनीनं मला दोनदा विचारलं, तुम्ही काही बोललात का? मी काहीच बोललो नव्हतो. तिला नुसतं कुणीतरी बोलायला हवं होतं.

आता बिघाडाकडे येतो. बिघाडाचं मूळ सुहासिनीत आहे (हे पत्र ती वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो). गेल्या वर्षी नोव्हेंबर लागला, हवेत तो ओळखीचा धुरकट वास आला आणि तिच्या मनानं घेतलं की खिडकीला कागद लावायला हवेत. तुला आठवतं ना? थंडी पडायच्या आधीचा एक रविवार आपला ठरलेला असायचा. पहाडगंजच्या त्या गल्लीच्या या बाजूला माझी खिडकी, त्या बाजूला तुझी, आणि दोन्हींच्या फटींतून माघातला वारा घरच्यासारखा आत येणार. म्हणून तुझ्या घरी कुसुमवहिनी सकाळीच स्टोव्हवर पातेलंभर पिठाची खळ शिजवायच्या. पुण्याहून टपालानं दोन दिवस शिळं होऊन येणारं वर्तमानपत्र आपण वर्षभर साठवायचो आणि तू ते शाळेतली लांब पट्टी धरून अशा काटेकोर रेघेत कापायचास की चित्रकलेचे मास्तर कागद कापतायत की परीक्षेचे गुण, असा प्रश्न पडावा. बारापर्यंत माझ्या खिडक्या, जेवण तुमच्याकडे, मग संध्याकाळपर्यंत तुझ्या. आणि मग सगळा हिवाळा आपण खिडकीत बसून त्याच त्या बातम्या वाचत असू. एका पुढाऱ्याचं अर्धं भाषण माझ्या खिडकीवर होतं आणि उरलेलं तुझ्या. तू पलीकडून मोठ्यानं वाचून दाखवायचास, तरी शेवटपर्यंत त्याचं म्हणणं काय ते कळलं नाही. फेब्रुवारीत पट्ट्या ओल्या करून सोलून काढायच्या, की आला वसंत. असे अडतीस हिवाळे आपण काढले, बळवंत. कुणी मला विचारलं की दिल्लीनं तुला काय दिलं, तर मी ते रविवार सांगीन.

तर त्याच सवयीनं इथेही खळ शिजली. नव्या चौकटीला फटी नव्हत्याच, पण खालच्या कडेला बाहेरच्या बाजूनं दोन बारीक खाचा दिसल्या. एवढी भारी खिडकी आणि खाली उघड उघड भोकं ठेवलीयत! मला कारागिराचा आळस स्पष्ट दिसला. त्या खाचा चार पदरी कागदानं बुजवल्या, वरून खळीचा हात फिरवला. रबराच्या पट्टीलाही सगळीकडून कागद लावला. काम झाल्यावर दोघं लांब उभं राहून पाहत राहिलो. तू हवा होतास असं वाटलं, कारण माझ्या पट्ट्या वाकड्या गेल्या होत्या.

आठ दिवसांत मुंग्या आल्या. आधी चार आल्या, त्यांनी जाऊन सांगितलं, मग सगळं गाव आलं. खळ खाऊन त्या रबराच्या मागे शिरल्या आणि तिथेच बिऱ्हाड केलं. मग जानेवारीतला पाऊस झाला, मग यंदाचा पावसाळा झाला, आणि सप्टेंबरात एका सकाळी झोपायच्या खोलीच्या काचेवर धुकं दिसलं. मी आतून पुसलं. गेलं नाही. सुहासिनीला म्हटलं, तुझ्या बाजूनं आहे. ती बाल्कनीत जाऊन बाहेरून पुसू लागली. तिनं खुणेनं सांगितलं, तुमच्या बाजूनं आहे. काचेतून शब्द पोचत नसल्यामुळे आम्ही पंधरा मिनिटं हातवारे करून भांडलो. शेजारच्यांना वाटलं आम्ही योगासनं करतोय. सूनबाईंचं केस वाळवायचं यंत्र आणून तीन दिवस काचेवर गरम हवा मारली. दुपारी धुकं जायचं, सकाळी परत हजर. त्यात खिडकीचं दार चौकटीला घासायला लागलं आणि मूठ फिरेनाशी झाली.

शेवटी उत्तमनगरहून नफीस मिस्त्री आला. वयस्कर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, कमी बोलणारा. त्यानं खालची कड पाहिली, नखानं खरवडलं, वास घेतला आणि विचारलं, "अंकल, ये आटा किसने लगाया?" मी सुहासिनीकडे पाहिलं, सुहासिनीनं माझ्याकडे. तो म्हणाला, "पच्चीस साल से शीशे का काम कर रहा हूँ, खिड़की में रोटी पहली बार देखी है." मग त्यानं समजावलं. त्या खाचा आळसानं राहिलेल्या नसतात, चौकटीत शिरलेलं पाणी बाहेर जायला मुद्दाम ठेवतात. त्या आम्ही बुजवल्या, पाणी आत तुंबलं, काचेची खालची कड महिनोन् महिने पाण्यात राहिली, दोन काचांना धरून ठेवणारा चिकट थर सुटला आणि ओल मधे शिरली. ती पुसून जात नाही, काचांची जोडीच बदलावी लागते. चौकट मात्र तीच राहते. त्यानं सुहासिनीची विणायची सुई मागून घेतली आणि खाचा मोकळ्या केल्या. ओंजळभर पाणी निघालं आणि त्यासोबत अग्रलेखाचा तुकडा. मुंग्यांनी कुरतडलेलं रबर बदललं, बिजागरीचे स्क्रू पिळून उतरलेलं दार वर घेतलं, मुठीत तेल सोडलं. काच मापानं करून आणतो म्हणाला.

तो गेल्यावर मी सुहासिनीला विचारलं, अडतीस वर्षांत पहाडगंजला एकदा तरी मुंगी आली होती का? ती म्हणाली, वहिनी खळीत शेवटी कसलीशी निळी चिमूट टाकायच्या. मला आठवलं. फडताळावरची ती पुडी मी इतकी वर्षं कपड्यांची नीळ समजत होतो. ते मोरचूद होतं, नाही का? इतकी वर्षं आपण पट्ट्या कापल्या, चिकटवल्या, थंडी आपण अडवली म्हणून मिशीला पीळ दिला, आणि खरं काम ती चिमूट करत होती. वहिनी गेल्या त्या वर्षी आपण कागद लावलेच नाहीत. का, ते तू बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तर धीरजला सांग: खालच्या खाचा बुजवू नकोस, अधूनमधून साफ कर. रबर ओल्या फडक्यानं पुसत जा. दार घासलं तर बिजागरी बघ, मुठीशी कुस्ती करू नकोस. आणि मधे धुकं आलं तर पुसत बसू नकोस, काच बदल. बाकी खिडकी उत्तम. तू खुशाल जा.

तुझा,
पद्माकर

ता. क. आमच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर समोर, पलीकडच्या इमारतीत, त्याच मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा आहे. लिफ्ट आहे, तेव्हा गुडघ्याला बोलायचं काही कारण नाही. मालक परदेशात असतो, त्याला भाडेकरू चांगला माणूस हवाय. तू चांगला माणूस आहेस असं मी शुक्रवारी खोटं सांगून किल्ली घेऊन आलोय. महिनाअखेरीपर्यंत ती माझ्याकडे आहे. नको असेल तर तसं कळव, मी परत करीन. मला काही वाटणार नाही.

ता. क. दुसरा. वाटेल. नफीस शनिवारी काचांची नवी जोडी घेऊन आला होता, मी ती परत पाठवली. त्याला साधी एकेरी काच बसवायला लावली. चौकट तिच्यासाठी नाही म्हणून तो कुरकुरला आणि ती खडखडतेही. शार्दूलला सांगितलंय की ही खिडकी दुरुस्त होण्यापलीकडे गेली. पण तुझा डावा कान लक्षात घेता दुहेरी काचेतून तुला माझी हाक पोचली नसती.

भावजी, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. कागद लावायची कल्पना यांची. खळ यांनी शिजवली, गुठळ्या झाल्या होत्या. शुक्रवारपासून रोज सकाळी त्या रिकाम्या खिडकीकडे बघून "बळवंता" म्हणून ओरडतायत, आवाज पोचतो का ते बघायला. काल पहारेकरी वर आला, बळवंत नावाचं कुणी हरवलंय का विचारत. मी हो म्हटलं. नव्या काचेच्या चारी बाजूंनी वारा येतोय. रविवारी या, पट्टी घेऊन या. खळ मी करते, पण मोरचूद किती घालायचं ते मला माहीत नाही. वहिनींच्या शेजारी पातेलं धरून तुम्हीच उभे असायचात. — सुहासिनी